भाऊंचा गजर आणि चार वेगळे ट्रॅक

गेल्या चतुर्थीत आमच्या ओटीवर भजन झालं, ते मी रेकॉर्ड केलं होतं. दोन माइक, ते लॅपटॉपला जोडणारा दोन माइकचाच छोटा इंटरफेस आणि सगळा आवाज एकाच स्टिरिओ ट्रॅकवर. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना भाऊंना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते ऐकवलं. पाचेक मिनिटं ऐकून त्यांनी हेडफोन काढले आणि म्हणाले, "झांजच ऐकाक येता गो. माझो आवाज खंय गेलो?"

आवाज होता, पण झांजेखाली गाडला गेला होता. एकत्र झालेले आवाज वेगळे करणारी साधनं आता निघाली आहेत, त्यातलं एक वापरून पाहिलं. झांज बरीचशी निघाली, पण जाताना भाऊंच्या उच्चारातले 'स' आणि 'श' घेऊन गेली. 'संतसंग' म्हणताना फक्त 'अंतअंग' ऐकू येत होतं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

भाऊ आता 76 वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं आचरा-मालवण भागात बुवा म्हणून गायले. त्यांच्या दोन वह्यांत अभंग, गजर, गवळणी मिळून दीडशेच्या वर रचना आहेत. पण वहीत शब्द आहेत, चाल नाही. चाल त्यांच्या गळ्यात आहे, आणि तो गळा पूर्वी पेटीच्या पांढरी चार पट्टीत सहज फिरायचा, आता दोन गजरांनंतर थकतो. त्यामुळे पुन्हा रेकॉर्डिंग करायचं तर नीट करायचं असं ठरवलं, आणि त्यासाठी आधी सॉफ्टवेअर निवडायला बसले.

इतकी वर्षं मी ऑडॅसिटी वापरत होते. 2000 साली आलेलं, पूर्ण मोफत, आणि एका माणसाचा आवाज घ्यायला, कापायला, स्वच्छ करायला आजही मी तेच उघडते. माझी अडचण चार माइकची होती. भाऊंचा गळा, पेटी, पखवाज, आणि झांजेसकट कोरस, हे चारही एकाच वेळी चार वेगळ्या ट्रॅकवर हवे होते. विंडोजवर त्यासाठी बहुतेक वेळा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरला इंटरफेसशी थेट जोडणारा दुवा, लागतो, आणि लायसनच्या अडचणीमुळे माझ्याकडच्या ऑडॅसिटीच्या आवृत्तीत तो नव्हता.

मग शोध सुरू झाला. मुंबईत दिराचा मुलगा मॅकवर गॅरेजबँड वापरतो, आणि ते छान आहे, पण विंडोजवर चालतच नाही. एबलटन आणि एफएल स्टुडिओ ज्यांना संगणकावरच ताल बांधून गाणं उभं करायचं आहे त्यांच्यासाठी उत्तम. माझ्याकडे ताल बांधायला पखवाजी आहे. क्यूबेस मोठ्या स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं चालतं, पण सोसायटीच्या हिशेबासाठी घेतलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर एवढा पसारा मला नको होता.

यादी चार सॉफ्टवेअरपर्यंत आल्यावर मी एक परीक्षा घेतली. आमच्याकडे परतीच्या पावसात संध्याकाळी लाइट जाणार हे धरूनच चालावं लागतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण चार माइकचा माझा नवा इंटरफेस भिंतीवरच्या प्लगवर चालतो. लाइट गेली की तो मरतो आणि सॉफ्टवेअरच्या पायाखालची जमीनच जाते. म्हणून प्रत्येकात पेटीचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सातव्या-आठव्या मिनिटाला मेन स्विच पाडला. एकात सगळं गोठलं, आणि पुन्हा उघडल्यावर आठ मिनिटांतलं काहीच हाती लागलं नाही. त्याचं नाव लिहीत नाही, कदाचित माझ्याच लॅपटॉपचा दोष असेल. पण तेव्हा मी एकटी पेटी वाजवत होते म्हणून निभावलं. भाऊ गात असते तर?

यादीतल्याच रीपर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्विच पाडला, रेकॉर्डिंग थांबलं, आणि तोवरचं सगळं चारही ट्रॅकवर जागच्या जागी होतं. मी तीनदा करून पाहिलं, तीनदाही तसंच.

रीपर बनवणारा जस्टिन फ्रँकेल, म्हणजे ज्याने 1997 साली गाणी वाजवायचं विनॅम्प काढलं तोच. माझ्या वयाच्या लोकांना सायबर कॅफेतला तो विनॅम्प आठवत असेल. डाउनलोड 20 एमबीच्याही आतलं, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसल्या बसल्या उतरलं. 60 दिवस काहीही अडवून न ठेवता वापरायला मिळतं, आणि घरगुती वापराच्या लायसनला 60 डॉलर. मी साठावा दिवस यायच्या आधीच पैसे भरले.

पण माझं मन खरं जिंकलं ते लयीच्या बाबतीत. अशी बहुतेक सॉफ्टवेअर उघडली की समोर चार-चारच्या चौकटी आखलेल्या असतात आणि मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरलेली असते. आपला गजर त्या चौकटीत कसा बसणार? भाऊंचा एक गजर मी घड्याळ लावून मोजला. सुरुवातीला मिनिटाला साधारण 84, शेवटी झांज उसळली तेव्हा 150 च्या पुढे. ही वाढ कुठे एकदम होत नाही. पखवाजी भाऊंच्या खांद्याकडे बघत असतो, खांदा किंचित पुढे आला की तो एक केसभर लय वाढवतो. रीपरमध्ये मी क्लिक, म्हणजे ठोके मोजणारी टिकटिक, बंद केला, चौकटी बंद केल्या आणि वरची पट्टी मिनिट-सेकंदांवर ठेवली. आता समोर फक्त चार लांब पट्ट्या असतात, जुन्या टेपसारख्या, आणि लय भाऊंच्या खांद्यावर राहते.

एक अडचण पखवाजीची होती. पहिल्या दिवशी तो हेडफोन लावून म्हणाला, थाप मागून ऐकू येते. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने साठवून पुढे पाठवतो तो आकडा, 1024 वर होता. 48 किलोहर्ट्झला त्याचेच 21 मिलिसेकंद होतात, आणि आवाज आत जाऊन पुन्हा बाहेर येईपर्यंत त्याहून जास्त. पखवाज वाजवणाऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. बफर 128 वर आणला तर जुना लॅपटॉप करकरायला लागला. शेवटी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू केलं, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात. बफर पुन्हा 1024 वर ठेवला आणि सगळेच सुखी झाले.

जागेचा हिशेबही सांगते, कारण बरेच जण विचारतात. 24 बिट, 48 किलोहर्ट्झला एक मोनो ट्रॅक तासाला साधारण 520 एमबी खातो. चार ट्रॅकचे तासाला दोन जीबी. दर बैठकीनंतर मी ते दोन हार्ड डिस्कवर उतरवते. दिराच्या मुलाला पाठवताना चारही ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइली करून देते. मग गॅरेजबँडमध्येही ते एकमेकांशी बरोबर जुळतात.

इंटरफेसला आता छोटा यूपीएस जोडलाय. रेकॉर्डिंग माजघरात करतो, भिंतींना गोधड्या लावून. पंख्याची घरघर सारखी एकसुरी असते, ती रीपरमधल्या रीआएफआयआर या आवाज गाळणाऱ्या साधनाने बरीचशी जाते. कौलांवरचा पाऊस मात्र क्षणाक्षणाला बदलतो, तो काही केल्या जात नाही. म्हणून बैठका थंडीतच ठेवल्या, रात्री नऊनंतर.

आतापर्यंत 23 रचना झाल्यात. परवा झालेल्या गवळणीत मी झांज निम्म्यावर आणली, भाऊंचा आवाज थोडा पुढे घेतला आणि हेडफोन त्यांच्या हातात दिले. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग हेडफोन तसेच कानावर ठेवून म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात मी चुकलंय. ह्यां परत घेवया."

मला ती चूक तोवर कळलीच नव्हती. गुरुवारी पखवाजी मोकळा आहे, तेव्हा पुन्हा घेणार आहोत.