साडेपाच तासांचा घोळ सुटला: ग्राफाना, पोस्टग्रेस आणि नागपूरची पहाट

मागच्या नोंदीत ग्राफाना (आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) पोस्टग्रेस या डेटाबेसला जोडून झालं होतं आणि पुढचं काम रोजच्या अहवालाचं होतं. ते बाजूला ठेवावं लागलं. आलेखात सर्व्हरच्या खोलीचं सर्वांत जास्त तापमान रात्री साडेआठ-नऊला दिसून राहिलं होतं. तेही मे महिन्यात, नागपुरात, पश्चिमेची भिंत दिवसभर तापणाऱ्या खोलीत. दुपारी तीन-साडेतीनचा चढ रात्रीवर सरकला, तर सेन्सर आधी नाही, घड्याळ आधी तपासायचं. फरक निघाला नेमका साडेपाच तासांचा.

हा घोळ लवकर दिसत का नाही, ते आधी पाहू. कॉलम साधा ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा, म्हणजे टाइम झोन नसलेला, असेल तर ग्राफाना त्यातली वेळ यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ, समजतो. दुपारी १५:०० ची भारतीय वेळ त्याच्या लेखी १५:०० यूटीसी होते आणि ब्राउझर ती २०:३० म्हणून दाखवतो. ताज्या नोंदी त्यामुळे भविष्यात पडतात, आणि ‘शेवटचे ६ तास’ निवडले की त्या खिडकीबाहेर राहतात. खिडकीत दिसतो तो साडेपाच तासांपूर्वीचा डेटा, पण आलेख उजव्या कडेपर्यंत भरलेला असतो. कुठेही खंड नाही, त्यामुळे शंका येत नाही. खूण एकच मिळते: नवं टेबल जोडल्यावर पहिले साडेपाच तास ‘नो डेटा’ आणि मग अचानक रेघ सुरू. अलर्टचंही तेच. तीनच्या उन्हाचा इशारा रात्री साडेआठला येतो, आणि तोवर डिस्क थंड झालेली असते.

पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या आज्ञा-खिडकीत, तीच नोंद १५:०० दिसते, कारण टाइम झोन नसलेला कॉलम आहे तसा छापला जातो. म्हणून संशय ग्राफानावर जातो. दोष मात्र टेबलाच्या रचनेत आहे. आणखी एक बारकावा: ग्राफानाचा टाइम फिल्टरचा मॅक्रो (निवडलेला कालखंड क्वेरीत भरणारा तयार तुकडा) वेळ शेवटी ‘झेड’, म्हणजे यूटीसीची खूण, लावून पाठवतो. समोरचा कॉलम टाइम झोन नसलेला असेल तर पोस्टग्रेस ते झेड गुपचूप सोडून देतो. त्रुटी नाही, इशारा नाही.

डॅशबोर्डचा टाइम झोन यूटीसी करून टाका, हा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने अक्षावरचे आकडे बरोबर दिसतात, पण ‘आत्ता’ची कड तीच राहते. म्हणजे शेवटचे साडेपाच तास गायबच. शिवाय आपल्या मांडणीत दोन स्रोत आहेत. तापमानाची स्क्रिप्ट थेट मशीनवर चालते आणि भारतीय वेळ लिहिते. यूपीएसची (त्यावर नजर ठेवणाऱ्या एनयूटी या सॉफ्टवेअरची) स्क्रिप्ट डॉकरमध्ये, म्हणजे बंदिस्त कंटेनरमध्ये, आहे, तिथलं घड्याळ यूटीसी, आणि ती यूटीसी लिहिते. यूपीएसचे पॅनेल पहिल्यापासून बरोबर होते. डॅशबोर्ड यूटीसीवर नेला की तापमान दिसायला सुधारतं आणि यूपीएस बिघडतं. दोन्ही स्रोतांचा फरक पक्का करायला वीज जाण्याचा क्षण सर्वांत चांगला: यूपीएस ‘बॅटरीवर’ गेल्याची नोंद आणि त्याच वेळी पंखा बंद पडून तापमान चढू लागल्याची नोंद, दोन्ही शेजारी ठेवा. अंतर ५ तास ३० मिनिटांच्या आसपास आलं की प्रश्न संपला.

क्वेरीतच दुरुस्ती करायची म्हटलं तर तिथे तीन खड्डे आहेत, आणि प्रत्येकाचा फरक वेगळा आहे. नोंदीतली वेळ कोणत्या झोनची ते सांगणाऱ्या ‘अ‍ॅट टाइम झोन’च्या पुढे ‘आयएसटी’ लिहिलं, तर पोस्टग्रेसच्या आवृत्ती १७ आणि त्याआधी, मूळ सेटिंगमध्ये, ते इस्रायलचं प्रमाणवेळेचं संक्षिप्त रूप धरलं जातं, म्हणजे यूटीसीपुढे २ तास. मग आलेख साडेतीन तास पुढे सरकलेला दिसतो. ‘यूटीसी+५:३०’ लिहिलं तर तो पॉझिक्स या युनिक्स मानकाच्या पद्धतीचा उल्लेख होतो, ज्यात अधिक चिन्ह म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला. फरक तब्बल ११ तासांचा होतो. आणि आधीच यूटीसीत असलेल्या नोंदींवर कोलकाता लावलं तर आलेख साडेपाच तास मागे जातो, उजवीकडे तेवढीच रिकामी पट्टी दिसते. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. साडेतीन दिसलं की क्वेरीत ‘आयएसटी’ शोधायचं, अकरा दिसलं की अधिक चिन्ह शोधायचं. नाव कायम पूर्ण लिहावं: ‘एशिया/कोलकाता’.

बरोबर नाव लिहूनही क्वेरीतली दुरुस्ती मला पटत नाही. फिल्टरमध्ये कॉलमभोवती ‘अ‍ॅट टाइम झोन’ गुंडाळलं की त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (नोंदी पटकन शोधून देणारी सूची) वापरला जात नाही आणि संपूर्ण टेबल वाचलं जातं. २० मापं, दर १० सेकंदांनी एक नोंद, म्हणजे प्रत्येक मापाच्या दिवसाला ८,६४० आणि एकूण १,७२,८०० नोंदी. वर्षाला ६ कोटी ३० लाखांच्या वर. एवढ्या टेबलावर प्रत्येक पॅनेलसाठी पूर्ण वाचन परवडत नाही.

म्हणून कॉलमचा प्रकारच बदलला. क्रम असा: दोन्ही स्क्रिप्ट थांबवायच्या, पीजी_डम्पने प्रत घ्यायची, स्रोतनिहाय नोंदींची संख्या टिपायची. मग ‘ऑल्टर टेबल’ने कॉलम ‘टाइमस्टॅम्पटीझेड’, म्हणजे टाइम झोनसह, करायचा आणि ‘युझिंग’मध्ये (जुनी वेळ कशी बदलायची ते सांगणाऱ्या भागात) ‘केस’ची अट लावायची: स्रोत यूपीएस असेल तर ‘यूटीसी’, नाहीतर ‘एशिया/कोलकाता’. ‘युझिंग’ वगळलं तर पोस्टग्रेस सेशनचा टाइम झोन धरून सगळ्या नोंदी एकाच मापाने बदलतो, आणि दोन स्रोत असताना ते कधीच बरोबर येणार नाही. हे टेबल पूर्ण पुन्हा लिहिलं जातं, त्यामुळे डिस्कवर टेबल आणि इंडेक्स मिळून जेवढी जागा आहे तेवढीच आणखी मोकळी हवी. तोवर टेबलाला पूर्ण कुलूप असतं, पॅनेलवर नुसतं चक्र फिरत राहतं. टेबल कायमचं मोठं होईल ही भीती नको: दोन्ही प्रकार ८ बाइटचेच आहेत.

त्यानंतर स्क्रिप्टही बदलायच्या, नाहीतर उद्या पुन्हा तेच. पायथनमध्ये झोन नसलेली ‘नाऊ’ वापरायची नाही, झोनसह घ्यायची. सर्वांत सोपं म्हणजे वेळ पाठवायचीच नाही, कॉलमला डेटाबेसचं ‘नाऊ’ डीफॉल्ट द्यायचं. तपासणीची क्वेरी एका ओळीची आहे: प्रत्येक स्रोतासाठी ‘नाऊ’ वजा सर्वांत ताजी वेळ. उत्तर शून्य ते १० सेकंद यायला हवं. ते आता येतं, आणि दुपारचा चढ दुपारी आला आहे.

इथवर अर्धंच काम झालं होतं. दर तासाच्या सरासरीचे स्तंभ १०:३०, ११:३० असे अर्ध्यावर उभे होते. ग्राफानाचा टाइम ग्रुप मॅक्रो पोस्टग्रेसवर इपॉक सेकंदांना (१९७० पासून यूटीसीने मोजलेल्या) ३६०० ने भागून खाली पूर्ण करतो. म्हणजे तास यूटीसीचे, आणि आपण बहुतेक जगापेक्षा वेगळे अर्ध्या तासावर आहोत. तासाला ते चालून जाईल. ‘१ दिवस’ लावला की मात्र दिवस सकाळी साडेपाचला सुरू होतो.

नागपुरात हे नुसतं गैरसोयीचं नाही, आकडे बिघडवणारं आहे. मेअखेरीस इथला सूर्योदय साडेपाचच्या आसपास असतो, आणि दिवसाचं किमान तापमान साधारण त्याच सुमारास नोंदलं जातं. यूटीसीचा दिवस नेमका त्याच क्षणी बदलतो. एकच गार पहाट ५:२० ला आधीच्या दिवसाचं किमान ठरते आणि ५:४० ला पुढच्या दिवसाचंही. नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) एखादी पहाट उकाड्याची असली तरी तिचा आकडा शेजारच्या पहाटेमुळे खाली ओढला जातो. कमाल तापमान दुपारी असल्याने ते शाबूत राहतं, म्हणून अर्धा अहवाल बरोबर आणि अर्धा चूक असा निघतो.

उपाय पोस्टग्रेस १२ पासून आहे: वेळ दिवसाच्या किंवा तासाच्या सुरुवातीवर आणणाऱ्या ‘डेट_ट्रंक’ला तिसरा घटक म्हणून टाइम झोन देता येतो. ‘डे’, वेळेचा कॉलम, ‘एशिया/कोलकाता’. परत येणारी वेळ झोनसह असते, ग्राफाना ती बरोबर ठेवतो. जुनी पद्धत, म्हणजे आत ‘अ‍ॅट टाइम झोन’ लावून मग ट्रंक करणं, झोन नसलेली वेळ परत देते आणि ग्राफाना तिला पुन्हा यूटीसी समजतो. तसं करायचंच असेल तर बाहेरून आणखी एकदा ‘अ‍ॅट टाइम झोन’ लावावं लागतं. डेटाबेसच्या रोलवरच (वापरकर्त्यावरच) टाइम झोन कोलकाता ठेवला तर दोन घटकांचं ‘डेट_ट्रंक’ही बरोबर चालतं, पण मॅक्रोवर त्याचा परिणाम होत नाही, कारण तो इपॉकवर चालतो. मी तिन्ही घटक लिहिते. क्वेरी दुसऱ्या मशीनवर नेली तरी अर्थ बदलत नाही.

जोडणीबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. ग्राफाना डॉकरमध्ये असेल तर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुमचं मशीन नव्हे. पोस्टग्रेसच्या ‘लिसन_अ‍ॅड्रेसेस’ आणि पीजी_एचबीए (कुणाला जोडू द्यायचं ते ठरवणारी फाइल), दोन्हीत डॉकरचं नेटवर्क यायला हवं. एसएसएल बंद असेल तर डेटा सोर्समध्येही ‘डिसेबल’ निवडा. जास्तीत जास्त जोडण्यांचं मूळ मूल्य ग्राफानात १०० आहे आणि पोस्टग्रेसचीही मूळ मर्यादा १००च. ग्राफानात ५ पुरेसे आहेत. रोल फक्त वाचणारा ठेवा आणि त्याच्यावर १५ सेकंदांचा ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ लावा, म्हणजे एखादी चुकीची क्वेरी लहान मशीन बसवणार नाही.

एक छोटा विजय सेन्सरच्या बाजूने. दिवसाचं कमाल अधूनमधून ८५.० येत होतं. आपला तापमानाचा सेन्सर डीएस१८बी२० चालू होताना त्याच्या मेमरीत ८५ हेच मूल्य असतं. वीज लुकलुकली, किंवा १२ बिटच्या मोजमापाला लागणारे ७५० मिलिसेकंद पूर्ण होण्याआधी वाचलं, की तेच हाती येतं. अचूक ८५.० असलेली नोंद आता टेबलात जातच नाही. सेन्सरच्या तारेवरचा पुल-अप रोधक ४.७ किलोओहमचा असू द्या, लांब तारेवर तो लहान करावा लागतो. आणि अगदी स्वस्त प्रोबमध्ये नकली चिप सर्रास येते, तेव्हा घेतल्यावर दोन-तीन प्रोब एकाच भांड्यातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून ताडून पाहा.

आता अहवाल. मूळ बेत तासाच्या सारांश टेबलाचा होता. तो रद्द, आणि कारण पुन्हा तेच अर्धा तास: आपली मध्यरात्र म्हणजे १८:३० यूटीसी, तासाच्या मधोमध. यूटीसी तासांचा सारांश जोडून भारतीय दिवस तयार होत नाही. ३० मिनिटांनी भागलं असतं, पण १५ मिनिटं ठेवते आहे. आपल्या ग्रिडचे वेळेचे ठोकळेही १५ मिनिटांचे, दिवसाला ९६. पुढे व्होल्टेजच्या नोंदी त्यांच्यासमोर ठेवायच्या झाल्या तर उपयोगी पडेल. सारांशात सरासरी साठवायची नाही. बेरीज, संख्या, किमान आणि कमाल साठवायचं. सरासऱ्यांची सरासरी नोंदी कमी-जास्त असतील तेव्हा चुकते, आणि वीज गेलेल्या वेळी त्या कमी असतातच.

हे लिहिताना एक आणखी सुचलं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते ८:३० असतो, म्हणजे ०३ यूटीसी. सोनेगावच्या (नागपूर विमानतळाजवळच्या हवामान केंद्राच्या) आकड्यांशी आपली आर्द्रता पावसाळ्यात ताडायची तर दिवस तिथेच तुटायला हवा. पोस्टग्रेस १४ चं ‘डेट_बिन’ (ठरवलेल्या क्षणापासून वेळेचे समान तुकडे करणारं) यासाठी नेमकं आहे: एक दिवसाचा अंतराल आणि आरंभबिंदू म्हणून कोणत्याही तारखेची ०८:३०+०५:३०. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, दिवस कायम २४ तासांचा, त्यामुळे हे कुठे तुटत नाही. खात्याची तारीख कालखंड संपतो त्या दिवसाची असते, म्हणून लेबलमध्ये एक दिवस मिळवायचा. १५ मिनिटांच्या सारांशातून हाही दिवस निघतो, मध्यरात्रीचाही निघतो.

पाठवण्यासाठी ग्राफानाचे पीडीएफ अहवाल मोफत आवृत्तीत नाहीत. मेटाबेस हे दुसरं डॅशबोर्ड सॉफ्टवेअर वेळापत्रकाने डॅशबोर्ड मेल करतं आणि त्यात अहवालाचा टाइम झोन वेगळा ठरवता येतो, पण ४ जीबीच्या मशीनवर जावा बसवणं जड आहे, आणि पोर्टही ग्राफानाचाच ३०००. म्हणून पीएसक्यूएलचं एचटीएमएल आउटपुट आणि सिस्टमडी टायमर (ठरलेल्या वेळी काम चालवणारी लिनक्सची सोय). ‘ऑनकॅलेंडर’मध्ये वेळेनंतर झोन लिहिता येतो: ०८:३५:०० एशिया/कोलकाता. ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवायचं, म्हणजे ८:३५ ला वीज नसली तरी मशीन सुरू झाल्यावर राहिलेला अहवाल निघतो.

उरलंय ते सारांश टेबल जुन्या नोंदींनी भरणं. एका दमात नाही, महिन्याच्या तुकड्यांनी, म्हणजे ‘डब्ल्यूएएल’ (पोस्टग्रेसची बदलांची नोंदवही) फुगून डिस्क भरणार नाही. महिन्याच्या सीमाही भारतीय मध्यरात्रीच्याच घ्यायच्या.