पाकिटातली हाडाची पट्टी

5 एप्रिल 2024, शुक्रवार. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये गिटारदुरुस्ती करणाऱ्याला ही तारीख मुद्दाम लक्षात ठेवावी लागत नाही. दुकान उघडायच्या आधीच दाराशी दोनतीन जण उभे असतात. कुणाच्या अंगात विटलेला हिरवट स्वेटर, कुणाच्या हातात फुलं. त्यांना तारांचा एखादा संच हवा असतो, नाहीतर नुसतं आत येऊन गिटारींपाशी घटकाभर थांबायचं असतं. निर्वाणा या रॉक बँडचा गायक आणि गिटारवादक कर्ट कोबेन 1994 मध्ये याच तारखेला गेला. वय 27, स्वतःच्या हाताने. त्याची समाधी अशी कुठे नाही. त्याच्या तेव्हाच्या घराला लागून व्हिरेटा पार्क नावाची लहानशी बाग आहे, तिथल्या बाकांवर लोक नावं लिहितात, आभार मानतात, फुलं ठेवतात. तीस वर्षं पुरी होत होती म्हणून त्या दिवशी माणसं जास्तच होती. त्याच दिवशी मी जे काम केलं, ते अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

मी मिरजेची. तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची गल्ली आमच्या माहेरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे हातगाडीवरून उतरवताना बघत मी मोठी झाले, आणि कॉलेज सुटल्यावर दोन वर्षं एका बुजुर्ग कारागिरांकडे कानस धरायला शिकले. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही. लग्नानंतर इथे आले, आणि आता अकरा वर्षं झाली, गिटारींच्या दुरुस्तीत आहे. लाकूड, हाड, तार. सामान तेच, बोलायची भाषा फक्त बदलली.

ज्यांनी निर्वाणा हा बँड ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ऐंशीच्या दशकाच्या शेवटी या पावसाळी भागात फाटक्या, खरखरीत आवाजाचं रॉक संगीत तयार झालं, त्याला ग्रंज नाव पडलं. 1991 च्या सप्टेंबरात निर्वाणाचा दुसरा अल्बम आला आणि जानेवारी 1992 मध्ये त्याने अमेरिकेच्या यादीत मायकेल जॅक्सनला पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं. पुढे सव्वादोन वर्षांत कोबेन गेला. एवढ्याशा काळात त्या माणसाने माझ्या धंद्यात जे उलटंपालटं करून ठेवलंय ते मात्र मला तपशिलातच सांगावं लागेल.

मस्टँग ही फेंडर कंपनीने 1964 मध्ये शिकाऊ मुलांसाठी काढलेली गिटार. तारेची वाजती लांबी 24 इंच, कंपनीच्या मोठ्या गिटारींपेक्षा दीड इंच कमी, म्हणजे लहान बोटांना मानेवरच्या धातूच्या पडद्यांमधलं अंतर झेपतं. मुरलेले वादक तिला हात लावत नसत, त्यामुळे गहाणवटीच्या दुकानांत ती स्वस्तात पडून राही. कोबेन डावखुरा आणि खिशाने फाटका. डावखुऱ्यांच्या गिटारी मुळात कमी, परवडणाऱ्या त्याहून कमी. सुरुवातीला उजव्या हाताच्या स्वस्त गिटारी उलट्या करून त्याने भागवलं. पुढे पैसा आला तरी मस्टँगच त्याची लाडकी राहिली. त्याची 1969 ची निळी मस्टँग 2022 मध्ये लिलावात सुमारे 45 लाख डॉलरला गेली. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर 1993 च्या न्यूयॉर्कमधल्या ध्वनिमुद्रणात त्याने वाजवलेली मार्टिन कंपनीची गिटार 60 लाखांच्या वर गेली होती. ती मार्टिन म्हणजे 1959 ची डी-18ई. अशा जेमतेम तीनशे बनल्या. मूळची उजव्या हाताची, डावखुऱ्यासाठी फिरवलेली, वर तिच्या पोटातल्या भोकात जादा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज ॲम्पकडे पाठवणारा तुकडा, बसवलेला. कोबेनच्या हाती पडण्याआधी ती अशा अवस्थेत माझ्या बाकावर आली असती तर ‘मूळ वाद्यात फेरफार’ असा शेरा मारून मी तिची किंमत उतरवली असती. आमच्या धंद्याचा नियमच तसा आहे.

आणि हा नियम एका बाजूला सुखरूप असताना दुसऱ्या बाजूला लोक कोऱ्या गिटारी घेऊन येतात आणि म्हणतात, त्याच्यासारखी जुनी दिसू दे. 2011 मध्ये खुद्द फेंडरने त्याच्या 1965 च्या जॅग्वार गिटारीची प्रतिकृती काढली, झिजेसकट. एका माणसाच्या मनगटाने, पट्ट्याच्या बक्कलने, गाडीतल्या धक्क्यांनी जिथे जिथे रंग गेला, तिथे तिथे कारखान्यात रंग घालवायचा. मला हे पटत नाही. मी ते काम घेत नाही. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर गवयाच्या तळव्याने आलेली चकाकी कुणी विकत मागितली असती तर चाचांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

तर त्या शुक्रवारी दहाच्या सुमाराला एक गृहस्थ आले. पासष्टीचे, हात लाकूडतोड्यासारखे. निघाले ते तसेच, एबरडीनच्या लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, आता सिएटलला लेकीकडे राहणारे. एबरडीन म्हणजे कोबेनचं जन्मगाव. गावच्या वेशीवरच्या पाटीवर 2005 पासून त्याच्या गाण्यातले शब्द आहेत. पेटीतून त्यांनी लाल मस्टँग काढली. मानेच्या बुडाचा शिक्का मी नंतर पाहिला: 1966. रंग मूळचा, खुंट्या मूळच्या, एकही जादा भोक नाही. त्यांनी ती 1986 मध्ये गहाणवटीच्या दुकानातून घेतली होती.

“उद्या नातीचा बारावा वाढदिवस,” ते म्हणाले. “डावखुरी आहे. वर्षभर हीच गिटार घेऊन बसते, बिचारी उलटी धरून वाजवते. तिच्यासाठी नीट करून द्या.” आणि मोबाइलवर त्यांनी कोबेनचा फोटो दाखवला. “अशी.”

ते वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि पुढे गेले. उलटी धरून वाजवते. वर्षभर.

आमच्या दुकानातल्या वरिष्ठ कारागिरांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं, ही विकायला सांग, त्या पैशांत मुलीला नवी कोरी डावखुरी गिटार आणि शिकवणी दोन्ही होईल; भोक पाडलंस की संग्राहक पाठ फिरवतील. ते हाताचे फार पक्के आहेत, पण जुनी गिटार दिसली की त्यांना तिच्यात आधी किंमत दिसते. मला राग आला. मी आजोबांना सगळं नीट सांगितलं, किंमत किती पडेल तेही. ते एवढंच म्हणाले, “मी ती विकायला नाही, वाजवायला घेतली होती.” त्यांच्याबद्दल मला इतका आदर वाटला की मी बाकी सगळी कामं बाजूला सारून ती बाकावर घेतली.

आता फक्त तारा उलट लावल्या की झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. गिटारीच्या मानेच्या टोकाला हाडाची एक पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्यात सहा खाचा. सगळ्यांत बारीक तार इंचाच्या हजार भागांतले दहा भाग जाड, सगळ्यांत जाड शेहेचाळीस. बाजू फिरवली की जाड तार बारीक खाचेत मावत नाही, वर राहते, आणि बारीक तार रुंद खाचेत लोळते, झणझणते. काही जण जुन्याच खाचा कानसून मोठ्या करतात आणि दुसरीकडच्या हाडाच्या भुकटीने व सुपरग्लूने बुजवतात. मी तसं करत नाही. मी जुनी पट्टी काढली. आधी कडेचा रंग धारदार पात्याने कापून घ्यायचा, नाहीतर पट्टीबरोबर रंगाची कपची उडते. मग बाजूने हलके ठोके, लाकडाच्या ठोकळीवरून. पट्टी अख्खी निघाली. ती पाकिटात घालून मी पाकिटावर आजोबांचं नाव लिहिलं. नवी पट्टी हाडाची घडवली. फेंडरच्या जुन्या मानेची पडद्यांची बाजू सव्वासात इंच त्रिज्येची गोलाई घेते, ती पट्टीच्या माथ्यावर तशीच यावी लागते. खाचा खुंटीकडे उतरत्या. मिरजेत घोडीची जवारी लावताना, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा झंकार येईल असा घासताना, सुताचा धागा तारेखाली सरकवत आवाज उघडेपर्यंत थांबायचं, तो सराव इथे कामी येतो. इथे धागा नाही, आणि जवारीचा झंकार इथे दोष ठरतो, पण कान तोच.

मग घोडी. मस्टँगच्या घोडीवरच्या सहा नळ्या कमीजास्त जाडीच्या असतात, पण दोन्ही कडांना सारख्या, त्यामुळे उंचीला धक्का लागत नाही. लांबी मात्र एकेका तारेची नव्याने लावावी लागते, बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात येईपर्यंत. चारदा लावलं, चारदा सोडलं.

शेवटी भोक. गिटार फिरवली की गळ्यातला पट्टा अडकवायची कळ धडाच्या खालच्या शिंगावर, म्हणजे मानेलगतच्या टोकदार कोपऱ्यावर, येते आणि गिटार तोंडावर पडते. वरच्या शिंगावर नवी कळ हवीच. मी तिथे चिकटपट्टी लावली, ड्रिल आधी उलटं फिरवलं, म्हणजे रंग न तडकता दळला जातो, मग सुलट. स्क्रूला मेण. लाल रंगाखालून पांढरट लाकडाचा भुसा निघाला, अठ्ठावन्न वर्षं उजेड न पाहिलेला. वरिष्ठ कारागीर त्या वेळी मुद्दाम बाहेर गेले होते. भोक देखणं पडलं. मला अभिमान वाटला, आजही वाटतो.

साडेचारला आजोबा नातीला घेऊन आले. मी गिटार ॲम्पला जोडून तिच्या हातात दिली. तिने नवी कळ पाहिली, पट्टा गळ्यात घातला, हसली. मग बोटं ठेवली आणि हात मारला.

भलतंच काही वाजलं. तिने बोटांकडे पाहिलं, पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हात मारलाच नाही.

वर्षभर ती तारा न बदलता नुसती गिटार उलटी धरून शिकली होती. जाड तार खाली, बारीक वर. तिच्या बोटांच्या सगळ्या जागा त्या उलट्या मांडणीतल्या होत्या. तसं वाजवलं की वरून खाली येणाऱ्या हाताला आधी बारीक तार भेटते आणि शेवटी जाड, त्याचा ठोका वेगळाच पडतो. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग आयुष्यभर असाच वाजवत राहिला. लोकगायिका एलिझाबेथ कॉटन लहानपणी भावाचा बँजो उलटा धरून शिकली आणि पुढे तिच्या बोटांच्या त्या पद्धतीला तिचंच नाव मिळालं. हे सगळं मला पाठ होतं. आजोबांनी सकाळी स्वतःच्या तोंडाने सांगितलंही होतं. मी त्यांच्या मोबाइलवरचा फोटो पाहत होते.

चाचा घोडीला हात लावण्याआधी गाणाऱ्याला समोर बसवत. कुणी गाण्याची पट्टी, म्हणजे आपला सूर, सांगायला लागलं तर म्हणत, “सांगू नका, गाऊन दाखवा.” मोठमोठ्या गवयांनाही. दोन वर्षं रोज ऐकलेलं ते वाक्य. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी त्याच सुमारास आली होती आणि मी दुकानात सगळ्यांना कौतुकाने सांगत होते.

मी तिला म्हटलं, जुनी पट्टी आहे, पंधरा मिनिटांत परत बसवते. आजोबांचा चेहरा उतरला. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, नको, मी शिकेन. ती खरंच तसं म्हणत होती की आजोबांसाठी म्हणत होती, ते मला ओळखता आलं नाही. मी ती गिटार तशीच दिली. इथे मी चुकले असं मला वाटतं. भोकापेक्षा इथे.

एप्रिल आणि मेभर मी इतरांना विचारत राहिले. वरिष्ठ कारागीर म्हणाले, गिऱ्हाइकाने सांगितलं ते केलंस, विषय संपला. एकजण म्हणाला, बारा वर्षांची आहे, महिन्याभरात बोटं वळतील, बरंच झालं. वळतीलही. पण कोबेनला जे मिळालं त्यावर त्याने भागवलं, आणि आम्ही तीस वर्षांनी त्याचा फोटो धरून एका मुलीने भागवलेलं मोडत होतो, हे मी त्यांना समजावू शकले नाही.

जूनमध्ये शाळा सुटल्यावर ती आली. या वेळी आजोबा गाडीत बसून राहिले. तिने पेटी उघडली. तारा तिने स्वतःच पुन्हा जुन्या बाजूने चढवल्या होत्या. माझ्या नव्या पट्टीच्या रुंद खाचांत बारीक तारांखाली तिने कागदाच्या घड्या कोंबल्या होत्या, वहीचा निळ्या रेघांचा कागद. जाड तारा बारीक खाचांत न बसता नुसत्या वर टेकलेल्या. पट्टा नव्या कळेवर. मी कानशींना हात न लावता तिच्यापुढे स्टूल सरकवलं आणि म्हटलं, वाजवून दाखव.

तिने दोन गाणी वाजवली. एक त्याचं होतं, एक कुणाचं ते मी ओळखलं नाही, तिचंच असावं. सूर जरा उतरलेला, एक तार झणझणत होती, पण बोटं न बघता फिरत होती. वरिष्ठ कारागीर पाना हातात घेऊन तिथेच उभे राहिले.

जुनी पट्टी बसवायला पंधरा नाही, चाळीस मिनिटं लागली. घोडीच्या नळ्या पुन्हा लावल्या. कागदाच्या घड्या मी तिला परत द्यायला लागले तेव्हा ती म्हणाली, टाकून द्या. मी टाकल्या नाहीत. काढलेली डावखुरी पट्टी पाकिटात घातली, आजोबांचं नाव खोडून तिथे तिचं लिहिलं, आणि पाकीट पेटीत ठेवण्याआधी तिला विचारलं, बरोबर देऊ की इथे राहू दे. ती म्हणाली, बरोबर द्या.