एल झोन्तेमध्ये बिटकॉइनने रोजचा खर्च : जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात जाऊन खरंच बिटकॉइनने चहापाणी-जेवण करून बघायचं असेल त्यांच्यासाठी लिहितेय. पहिली गोष्ट म्हणजे कायद्याच्या भरवशावर जाऊ नका. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे बिटकॉइन अधिकृत चलन झालं हे सगळ्यांना माहितीये, पण जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला आणि आता घ्यायचं की नाही ही दुकानदाराची मर्जी. २००१ पासून तिथे डॉलरच चालतो, भावही डॉलरमध्येच सांगतात. राजधानीत, सान साल्वादोरला, मी विचारत फिरले तर बऱ्याच ठिकाणी नाहीच म्हणाले, एका ठिकाणी स्टिकर होता पण गल्ल्यावरच्या मुलाला ॲप कसं उघडायचं तेच माहीत नव्हतं. म्हणून सरळ एल झोन्ते गाठा.

हे पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं सर्फिंगचं छोटं गाव. गावात रोजच्या व्यवहारात बिटकॉइन वापरायचा उपक्रम, बिटकॉइन बीच, त्याचं काम इथे २०१९ मध्येच, म्हणजे कायद्याच्या आधीच सुरू झालेलं, त्यामुळे लोकांचा हात बसलाय. पुपुसा (तिथली भरलेली जाडसर भाकरी) विकणाऱ्या बाईंनी पिठाचे हात पुसले, फोनवर डॉलरमध्ये रक्कम टाकली, ॲपने त्याचे साटोशी (बिटकॉइनचा सगळ्यात छोटा भाग) करून क्यूआर दाखवला, मी स्कॅन केलं आणि पुढच्या क्षणी त्यांच्या फोनवर पैसे जमा, त्या परत तव्याकडे वळल्या पण. कार्डचं मशीन नाही, सुट्ट्यांची कटकट नाही. मला हे मनापासून आवडलं, कारण ज्याचं बँकेत खातं नाही त्यालाही असे पैसे घेता येतात.

पण हा वेग लाइटनिंगचा, म्हणजे बिटकॉइन झटपट पाठवायला त्याच्यावरच बांधलेल्या जाळ्याचा आहे हे डोक्यात पक्कं ठेवा. साधा बिटकॉइन व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सामाईक वहीच्या नव्या पानात जावा लागतो, ब्लॉक येतो सरासरी १० मिनिटांनी, आणि गर्दी असली की फी वाढते, नाश्त्याच्या बिलाला हे कुठे परवडणार. क्यूआरमधला मजकूर एलएनबीसीने (lnbc) सुरू होत असेल तर लाइटनिंग, बीसी१ ने (bc1) असेल तर साधा पत्ता, मग सरळ लाइटनिंगचा क्यूआर मागा.

गेस्टहाऊसचं बिल देताना पेमेंट पेंडिंगमध्ये लटकलं. रक्कम मोठी असली की कधीकधी लाइटनिंगच्या जाळ्यातून पैसे जायला रस्ता सापडायला वेळ लागतो किंवा सापडतच नाही. तिथला माणूस लगेच नवा क्यूआर काढायला लागला, मी त्याला थांबवलं, कारण पहिलं अजून जिवंत असताना नव्या इनव्हॉइसवर, म्हणजे नव्या क्यूआरच्या बिलावर, पैसे टाकले तर दोन्ही जाऊ शकतात. वॉलेटमध्ये फेल झालं असं स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं, फेल झालं की पैसे आपल्याकडेच परत येतात. थोड्या वेळाने तसंच झालं, मग बिल दोन भागात दिलं आणि दोन्ही पटकन गेले.

वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवायचं फोनमधलं ॲप, घरूनच भरून न्या आणि निघायच्या आधी कुणाला तरी थोडे साटोशी पाठवून बघा. ब्लिंक नावाचं वॉलेट तिथे भरपूर चालतं, सोपंय, पण त्यात चाव्या, म्हणजे पैसे खर्च करायचे गुप्त कोड, कंपनीकडे असतात म्हणून आठवड्याच्या खर्चापुरतंच ठेवा. चाव्या स्वतःकडे हव्या तर फिनिक्स वॉलेट घ्या, फक्त त्यात चॅनल (लाइटनिंगच्या जाळ्याशी आपली जोडणी) उघडायची फी सुरुवातीला कापली जाते, ती धरून चाला. वायफायवर विसंबू नका, मोबाइल डेटा हवाच. आणि बससाठी १ आणि ५ डॉलरच्या नोटा जवळ ठेवा, तिथे रोखच लागते.