झाडाखाली नुसतं बसायचं, बास

जंगलात जायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच गाडी, डबे, ग्रुप, सेल्फी आणि एका दिवसात चार पॉइंट असा बेत ठरतो आणि रात्री घरी येईपर्यंत माणूस जाताना होता त्यापेक्षा जास्त दमलेला असतो. मला मनापासून वाटतं की झाडांचा खरा फायदा या पळापळीत मिळतच नाही, तो मिळतो एका जागी बसल्यावर, आणि त्यासाठी दर वेळी चांदोलीचं जंगल गाठायची पण गरज नाही.

मी सांगलीत राहते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम, मार्चएंडला तर डोकं नुसतं भणभणतं. जमेल तेव्हा संध्याकाळी हरिपूरला संगमेश्वराजवळ झाडाखाली जाऊन बसते, फोन सायलेंट करून पर्समध्ये. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही हे आधीच सांगते, उद्याचं काम, पोरीची फी, दूध संपलंय, सगळं डोक्यात चालूच असतं. मग कधीतरी पिंपळाची पानं दिसायला लागतात, म्हणजे आधी पण समोरच होती पण आता दिसतात, वारा पडलाय असं वाटत असताना पण ती हलतच असतात कारण त्यांचा देठ लांब आणि बारीक असतो. मग साळुंक्यांची भांडणं ऐकू येतात, पलीकडनं वारणा येऊन कृष्णेला मिळते ते पाणी दिसतं, आणि खांदे कधी खाली आले ते कळतच नाही.

यामागं कारण आहे बरं का. रेचल आणि स्टीफन कॅपलान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं १९८९ च्या पुस्तकात ते छान मांडलंय, ऑफिसच्या कामात आपण लक्ष जबरदस्तीनं एका जागी धरून ठेवतो आणि त्यानं मेंदू थकतो, पण हलणारी पानं, ऊनसावली हे बघायला काहीच जोर लावावा लागत नाही, लक्ष आपोआप तिथं रमतं आणि थकलेल्या भागाला विश्रांती मिळते. म्हणूनच झाडाखाली बसून रील बघितले तर उपयोग शून्य.

जपाननं तर १९८२ मध्ये सरकारी पातळीवर लोकांना जंगलात निवांत वेळ घालवायला सांगायला सुरुवात केली, शिनरिन-योकू म्हणतात त्याला. तिथले डॉक्टर चिंग ली यांनी टोकियोतल्या नोकरदारांना जंगलात तीन दिवस नेऊन रक्त तपासलं तर रोगाशी लढणाऱ्या एनके पेशी जास्त जोमात आढळल्या. किडे-बुरशीपासून वाचायला झाडं जे वास हवेत सोडतात त्यांचाही यात हात असावा असं त्यांचं म्हणणं. पहिल्या अभ्यासात माणसं फक्त १२ होती, त्यामुळे बीपीची गोळी बंद करून झाडाखाली जाऊन बसू नका प्लीज, गोळी पण घ्या आणि बसा पण. इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरनं २०१९ ला असं दिसलं की आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक तब्येत आणि मन दोन्ही चांगलं असल्याचं जास्त सांगतात, मग ती मिनिटं एकदम असोत की तुकड्यातुकड्यात. हे तुकड्यातुकड्यात मला फार आवडलं. आपल्या सांगलीतल्या आमराई बागेत पण होतंय की तेवढं.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यात मात्र मुद्दाम जावं. आमचे मामा, म्हणजे सासरे, देवराष्ट्र्याकडचेच, ते म्हणतात, "आम्ही ल्हान हुतो तवा हितं सावलीला काटकी नव्हती बघ." त्या बोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी झाडं लावली, जगवली, हरणं आणून सोडली आणि १९८५ ला ते अभयारण्य झालं, १०.८७ चौरस किलोमीटरचं. दुष्काळी भागात! मी तिथं सावलीत टेकले की मला प्रत्येक वेळी हेच मनात येतं की ही सावली कुणीतरी पाणी घालून उभी केलीय, आणि अशा सावलीत बसल्यावर जे भरून येतं ते दुसऱ्या कुठल्याच जंगलात मला येत नाही. पोरीला पण तिथं नेते, तिला एवढंच सांगते, पाच वेगवेगळे आवाज ऐकू येईपर्यंत बोलायचं नाही.

आणि ज्यांना बाहेर पडताच येत नाही त्यांचं काय, तर १९८४ चा रॉजर उलरिच यांचा अभ्यास आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटना खिडकीतनं झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना दुखण्याची जोरदार औषधंही कमी लागली. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही त्यांचा पलंग टीव्हीसमोरनं काढून शेजारच्या शेवग्याकडच्या खिडकीला लावला. मी ऑफिसातनं आले की त्या मला सगळी खबर द्यायच्या, आज पोपट आलेले, आज शेंगा काढायला माणूस आलेला, त्यानं एक फांदी मोडली मेल्यानं. तुमच्या घरी असं कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर पलंग आजच हलवा, चादरी वगैरे नंतर नीट करता येतात.