किल्ली आणि नोंदवही

येत्या 1 जुलैला आमच्या सेवा क्लबचे नवे वर्ष सुरू होईल. रोटरी आणि लायन्स या दोन्ही जगभर पसरलेल्या संस्थांचे वर्ष जुलैत सुरू होते. आमचा क्लब त्यांपैकी कोणाचीही शाखा नाही; बेळगावच्या शहापूर आणि वडगाव भागातील काही व्यापारी, शिक्षक व डॉक्टर यांनी त्यांच्याच धर्तीवर तो उभा केला आणि वर्षाची रीतही तीच धरली. पदग्रहणाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणे होतील, गेली नऊ वर्षे सांभाळलेले सचिवपद मी दुसऱ्याच्या हाती देईन आणि त्यासोबत एक किल्ली व चार जाड नोंदवह्याही देईन. या किल्लीविषयी मला आज लिहायचे आहे, कारण क्लबचे पुढे काय होणार असे मला कोणी विचारले, की मला प्रथम तीच आठवते.

ही किल्ली एका सभासदाच्या भातगिरणीमागील खोलीची आहे. तेथे आमचे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालते. मी या क्लबात आले तीही या खोलीच्या दारातूनच. माझ्या सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण घरी आल्यावर पंधरवड्याच्या आत सतत पडून राहून त्यांच्या कमरेखाली कातडी लाल होऊ लागली. हवेची गादी आणा, एवढे सांगून रुग्णालयाने आपले काम संपवले होते. ती कोठे मिळते, किती दिवस लागते, कशी वापरायची, हे सांगायला कोणालाही सवड नव्हती, आणि बाजारात सांगितलेली किंमत त्या महिन्यात आम्हाला झेपणारी नव्हती. गल्लीतील एका मावशींनी या खोलीचा पत्ता दिला. तेथे बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी 300 रुपये अनामत घेतली, गादी जमिनीवर पसरली आणि मला खाली बसवून सगळे समजावले: पंप पलंगाच्या पायथ्याशी टांगायचा, नळीला कोठेही पीळ पडू द्यायचा नाही, गादीवर एकच पातळ चादर घालायची, गोधडी मुळीच घालायची नाही, आणि गादी आहे म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे थांबवायचे नाही. चार महिन्यांनी मी ती गादी परत करायला गेले, तेव्हा ते एकटेच एक कमोड खुर्ची घासत बसले होते. मी पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसले. सभासदत्वाचा अर्ज मी पुढे कधीतरी भरला. माझ्या मते मी त्याच दिवशी सभासद झाले.

त्या खोलीत आज डोक्याची व पायाची बाजू वर करता येणारे दोन फाउलर पलंग, चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्च्या, हवेच्या गाद्या आणि 2021 साली देणगीतून आलेली दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रे आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला हे गोदाम वाटेल. पण हे साहित्य सतत कोणीतरी हाताळावे लागते. वॉकरच्या पायांची रबरी टोपणे झिजतात, एका पायाचे टोपण निसटले की ओल्या फरशीवर तो वॉकरच माणसाला पाडतो, आणि ज्याचे हाड नुकतेच जुळू लागले आहे त्याच्यासाठी ते पडणे पहिल्यापेक्षा वाईट ठरते. म्हणून परत आलेला प्रत्येक वॉकर मी उलटा करून चारही टोपणे बोटाने दाबून पाहते. ऑक्सिजनच्या यंत्रांची गोष्ट याहून नाजूक आहे. त्यांच्या आत झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे असतात, ते हवेतील नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. यंत्र महिनोन् महिने बंद राहिले तर तेच दाणे हवेतील ओल शोषतात आणि निकामी होतात. बेळगावच्या पावसाळ्यात, जेव्हा कपाटातील कपड्यांनाही बुरशी येते, तेव्हा ही यंत्रे अधूनमधून काही वेळ चालवली नाहीत तर ऐन वेळी ती नुसता आवाज करतील. देणगी देणाऱ्यांचे फोटो निघाले, ते योग्यच झाले. पण पुढे दर महिन्याला ते यंत्र सुरू करणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही, आणि माझ्या दृष्टीने क्लबचा खरा सभासद तोच आहे.

नोंदवही उघडली की आमचा सगळा प्रदेश डोळ्यांसमोर उभा राहतो. कंग्राळी, येळ्ळूर, कडोली, उचगाव ही नावे तर पानोपानी आहेत. खानापूर तालुक्यातील माणसे येतात. कणकुंबीकडची, जेथे मलप्रभा उगम पावते, आणि भीमगडच्या जंगलातील वस्त्यांमधली, जेथून पावसाळ्यात आजारी माणसाला बांबूच्या डोलीवरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. बैलहोंगलकडून कानडी भाषक शेतकरी येतात. शिनोळी, तुडये अशा चंदगड तालुक्यातील गावांतूनही माणसे येतात, कारण त्यांचा जिल्हा कोल्हापूर असला तरी दवाखाना आणि बाजारहाट यांसाठी त्यांना बेळगावच जवळचे आहे. आमचा अर्ज म्हणून एकाच कागदावर मराठीत आणि कानडीत छापलेला आहे. मी मराठीत वाढले, मराठीत शिकवले, या सीमाभागात मराठी टिकावी म्हणून मला मनापासून तळमळ आहे. तरीही चाकाची खुर्ची न्यायला आलेल्या माणसाला अर्जातील ओळ समजली नाही म्हणून तो संकोचला, असे या खोलीत एकदाही होऊ नये, असे मला वाटते. रोटरीच्या 3170 या प्रांतात बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा एकत्र आहेत, हे मला जेव्हा कळले तेव्हा नवल वाटले नाही. सेवेचा नकाशा आखणाऱ्याने रुग्ण कोठून कोठे जातो हे पाहिले, तर असाच नकाशा तयार होईल.

आमच्या चुकांविषयीही लिहिले पाहिजे, कारण पुढच्या मंडळींना त्याच जास्त उपयोगी पडतील. एका पावसाळ्यात आम्ही एका गावाच्या माळावर झाडे लावली, फलक धरून फोटो काढले आणि परतलो. पुढच्या उन्हाळ्यात तेथे पाणी कोण घालणार हे ठरवलेच नव्हते, त्यामुळे होळीपर्यंत काठ्या तेवढ्या उरल्या. एका शाळेत हात धुण्यासाठी नळांची सुंदर रांग बांधून दिली आणि टाकीत पाणी चढवणारा पंप कोण दुरुस्त करील हे विचारले नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा एकाच वेळी फुगल्या, तेव्हा आम्ही दोन दिवसांत टेम्पोभर जुने कपडे गोळा करून चिकोडीच्या बाजूला पाठवले. ते कपडे शाळेच्या व्हरांड्यात ओल्या ढिगाने पडून राहिले. लोकांना हवी होती ताडपत्री, मच्छरदाण्या, जनावरांसाठी चारा, आणि बायकांना हवी होती अशी एक गोष्ट, जी पुरुषांच्या यादीत आलीच नाही. त्यानंतर आम्ही एक नियम केला: आधी फोन करायचा, मग टेम्पो भरायचा.

काम मागे टिकले पाहिजे, हा धडा बेळगावच्या माणसाला खरे तर बाहेरून शिकावा लागू नये. डिसेंबर 1924 मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. मंडप उठला, पाहुणे गेले. पण अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर राहिली आणि आजही ती काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. कोणताही उपक्रम ठरवताना मी बैठकीत एकच प्रश्न विचारत आले आहे: मंडप उठल्यावर मागे विहीर कोणती राहणार? सुरुवातीला काहींना तो टोचला. आता इतर सभासदही तो विचारू लागले आहेत.

मोठ्या संस्थांकडून शिकायचे असेल तर त्यांच्या चिकाटीकडून शिकावे. रोटरीने पोलिओ निर्मूलनाचे काम 1985 मध्ये हाती घेतले. भारतात पल्स पोलिओ मोहीम 1995 पासून सुरू झाली, नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळला, आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या वर्षांमध्ये कितीतरी रविवार गेले. त्यांतील काही रविवारी मी शिक्षिका म्हणून बूथवर बसले आहे. बर्फाच्या पेटीतून कुपी काढली की तिच्यावरील वर्तुळातला छोटा चौकोन आधी पाहायचा. तो उष्णतेने वर्तुळाइतका गडद झाला असेल तर लस बाजूला ठेवायची. डोस पाजला की डाव्या करंगळीवर शाई लावायची. सोमवारपासून घरोघरी फिरायचे आणि दारावर खडूने खूण करायची. निपाणी, हुक्केरीकडे ऊसतोडीच्या मजुरांच्या खोपी पडत. त्या मुलांच्या करंगळ्या पाहायला सकाळी लवकर जावे लागे, कारण एकदा टोळी फडात शिरली की मूल सापडत नसे. देशातून रोग गेला तो अशा कंटाळवाण्या, पुन्हा पुन्हा करायच्या कामांनी.

आता भविष्याविषयी. आमच्या क्लबात पन्नाशीच्या आतील सभासद एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. गल्लीतील हुशार मुले पुण्याला, बंगळूरला, गोव्याला जातात, ही सगळ्या सीमाभागाचीच स्थिती आहे. पण जी येथे आहेत तीही आमच्याकडे येत नाहीत, याचे कारण आम्ही आमच्यातच शोधले पाहिजे. आमची बैठक वर्षानुवर्षे रात्री साडेआठला हॉटेलात, जेवणासह होते. दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्या मुलाला ते जेवण परवडत नाही, आणि लहान मूल असलेल्या बाईला ती वेळ जमत नाही. पॉल हॅरिस यांनी 1905 मध्ये शिकागोत सुरू केलेल्या क्लबला रोटरी हे नाव पडले, कारण आरंभी बैठका सभासदांच्या कचेऱ्यांमध्ये आळीपाळीने फिरत असत. आमची बैठकही फिरली पाहिजे, असा ठराव मी मांडला आहे: एक महिना गिरणीमागील खोलीत, एक महिना खानापुरात, एक महिना कडोलीच्या एखाद्या तरुण मंडळाच्या जागेत, आणि चहाशिवाय काही नको. या ठरावाला विरोध आहे. विरोध करणारे माझे जुने स्नेही आहेत, त्यांनी क्लबसाठी पदरचा पैसा घातला आहे आणि एकत्र जेवण्यातून माणसे जोडली जातात हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही मला वाटते, ती माणसे आधीच जोडलेली आहेत.

रक्तदानाच्या बाबतीत आम्ही एक बदल करून पाहिला आहे. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. लाल पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, पण रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पाचच दिवस. गणेशोत्सवात किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवशी एका दिवसात शेकडो पिशव्या जमतात आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, तुटवडा पडतो. म्हणून मोठ्या शिबिराचा हट्ट सोडून आम्ही दात्यांची महिनावार यादी केली. ही यादी ज्याने बनवली तोच आता सचिव होत आहे. तो एका औषध दुकानात काम करतो, माझा चौथीचा विद्यार्थी आहे आणि अजूनही मला बाईच म्हणतो.

गेल्या रविवारी मी त्याला खोली दाखवली. त्याने चौथी नोंदवही चाळली आणि एका पानावर थांबला. एक कमोड खुर्ची सव्वा वर्षापूर्वी गेलेली होती, परत आल्याची नोंद नव्हती. “बाई, ही बुडाली का?” त्याने विचारले. मी त्याला सांगितले, की फोन करताना खुर्ची कधी देता असे आधी विचारायचे नाही, आजी कशा आहेत असे विचारायचे. त्याने तेथेच फोन लावला. आजी बऱ्या होत्या, खुर्ची अजून लागत होती, आणि तिचे एक टोपण फाटले होते. त्याने पानावर तारीख घातली, समोर “टोपण 1” असे लिहिले आणि कपाटातील डब्यातून मापाचे टोपण शोधून खिशात टाकले. संध्याकाळी येळ्ळूरला जाऊन तो ते बसवून आला.