दिसत तर काहीच नाही

सोमवार

मार्चएंड संपला, पण गालांची आग काही संपेना. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर बारीक पुळ्या, आजूबाजूला चट्टे. बोट लागलं तरी चुरचुरतं, साधं पाणी मारलं तरी झोंबतं. दिवाळीपासून हेच चाललंय. थोडे दिवस बरं वाटतं, की पुन्हा सुरू. बँकेत काउंटरवर शेजारी बसणारी म्हणते, "मला तर काहीच दिसत नाही गं." आरशात मलाही फारसं दिसत नाही, याचाच जास्त वैताग. रंग जरासा गडद, इतकंच.

कारणं मात्र सगळ्यांकडे तयार आहेत. आई बार्शीहून फोनवर सांगते, "अंगात उष्णता आहे, सब्जा पी." सासूबाईंच्या मते पोट साफ नाही. शेजारच्या काकू बोअरच्या पाण्यावर खापर फोडतात. वहिनीने तर वांग आहे असं ठरवूनच टाकलंय. नवऱ्याने एवढंच विचारलं, "डॉक्टरकडे कधी जातेस?"

बुधवार, रात्री

त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे जाऊन आले. नंबर लावतानाच बजावलं होतं, चेहऱ्याला काही न लावता या आणि चेहऱ्याला, केसांना जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. फेसवॉश, खोबरेल, केसांचा रंग, टिकल्यांचं पाकीटसुद्धा. टिकल्यांच्या गोंदात असणाऱ्या एका रसायनाने काहींना कपाळावर खाज सुटते आणि पुढे तिथला रंगच उडून पांढरा ठिपका राहतो. केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन अंगावर आलं, तर कानामागे, कपाळाच्या कडेला, पापण्यांवर उठतं. माझे चट्टे यातल्या कुठल्याच जागी नाहीत, म्हणून टिकली आणि डाय दोघेही सुटले.

मग त्यांनी दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. काळी टोकं असलेल्या पुटकुळ्या एकही नाहीत, म्हणजे मुरुमं नव्हेत. नाकाच्या कडेच्या खोबणीत तेलकट पापुद्रे नाहीत, म्हणजे चेहऱ्यावर उतरलेला कोंडाही नव्हे. वांग दुखत नाही, झोंबत नाही, त्याचा नुसता डाग असतो. वहिनीचं निदान तिथेच निकालात निघालं. सांधे दुखतात का, तोंडात फोड येतात का, केसांचे पुंजके गळतात का, उन्हात गेल्यावर अंगावर पुरळ येतं का, हे विचारलं ते ल्युपससाठी, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटते त्या आजारासाठी. तो गालांवर फुलपाखरासारखा पसरतो, पण नाकाच्या खोबणीत सहसा शिरत नाही. माझी सगळी उत्तरं "नाही" अशीच.

शेवटी डोळे मिटायला सांगितले. कापसाची बारीक वात करून गालावर हलकेच टेकवत गेल्या. जिथे लागेल तिथे बोट ठेवायचं. दर वेळी बोट बरोबर जागी पडलं. काय बघताहेत ते मला कळलं होतं आणि पोटात खड्डाही पडला होता. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळेनासा होतो. माझ्या चट्ट्यांना तो गरजेपेक्षा जास्त कळतो.

डर्मोस्कोप नावाचं भिंग गालाला लावून त्याचं चित्र स्क्रीनवर दाखवलं तेव्हा मीच दचकले. बाहेरून न दिसणारी लालभडक बारीक शिरांची जाळी तिथे पसरलेली. नाव सांगितलं रोझेशिया. "पुस्तकांतले फोटो गोऱ्या चेहऱ्यांचे असतात ताई, तिथे लाली लांबून कळते. आपल्या रंगाखाली ती झाकली जाते. म्हणून मी दिसतं काय यापेक्षा होतं काय ते जास्त विचारते."

इतके महिने "दिसत तर काहीच नाही" ऐकल्यावर त्या स्क्रीनचा फोटो मागून घेतला. उद्या काउंटरवर दाखवणार आहे.

शनिवार

मेट्रोनिडॅझोलचं जेल दिलंय. जुलाब झाल्यावर त्याच्या गोळ्या घेतलेल्या आठवतात, तेच चेहऱ्याला लावायचं याची गंमत वाटली. सोबत कमी मात्रेतलं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. हा आजार कशामुळे होतो याला एकच असं उत्तर नाही. त्वचेतली संरक्षणाची व्यवस्था नको तितकी भडकते, शिरा पटकन फुगतात आणि केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म जीव अशा चेहऱ्यांवर जास्त आढळतात. ते मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर एरवीही असतातच. हे आईला सांगितलं आणि पस्तावले. "किडे? तोंडावर?" म्हणून तिने फोन वडिलांकडेच दिला.

दुपारी वहिनी स्वतः लावते ती ट्यूब घेऊन हजर. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. अशा तिहेरी मिश्रणाचा मूळ नुस्खा १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी मांडला, तो वांगासारख्या डागांसाठी. आपल्याकडे मात्र तो गोरं होण्यासाठी वर्षानुवर्षं रोज थापला जातो. २०१८ साली सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, पण मेडिकलवाला देतोच. असल्या मलमाने माझे चट्टे दोन-चार दिवस मस्त बसले असते आणि मग दुपटीने उसळले असते, वर त्वचा पातळ झाली असती. वहिनीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग माझं काय?" तिचे गालही हल्ली उन्हात तापतात म्हणे. मलम एकदम बंद केलं तरी चेहरा भडकतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखव म्हटलं. पुढच्या बुधवारी तिला सोबत नेतेय.

मंगळवार

मॅडमनी वहीत लिहायला सांगितलंय, चेहरा कधी भडकतो ते. आजवरचं पान असं आहे. भाकऱ्या, सगळ्यात जास्त. थापेपर्यंत ठीक, पण तव्यावरून काढून जाळावर फुगवायला घेतली की धग थेट गालांवर येते आणि पुढचा अर्धा तास चेहरा ठणकतो. वाफाळता चहा. चहा वाईट नव्हे, त्याचा कढतपणा वाईट, कोमट करून प्यायले तर काही होत नाही. स्टॅंडवरून बँकेपर्यंतचं सोलापूरचं ऊन, यावर काय बोलायचं. शेंगाचटणी लिहिताना हात थांबला, पण लिहिली. सर्दीसाठी घेतलेली वाफ. आणि पासबुक छापून मिळालं नाही म्हणून अंगावर ओरडणारा तो गृहस्थ.

पान पुन्हा वाचलं तर सगळी उष्णताच उष्णता. अंगातली नसेल, बाहेरची असेल, पण हे आईच्या कानावर गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. सब्जा प्यायचं मी तरीही टाळणार.

भाकऱ्यांचं मात्र घरात ठरलंय. थापणार मी, फुगवणार हे. काल पहिल्या चारांपैकी दोन करपल्या आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत, ही मोठीच गोष्ट. चटणीबद्दल मॅडमना विचारायचं राहिलंय, थोडीशी चालेल का म्हणून.