दर आठवड्याला दोन पानं

आत्मचरित्र लिहायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या वहीत ते आजोबांपाशी अडकलेलं असतं. जन्मापासून सुरुवात केली की हे व्हायचंच. जन्माआधी आईवडील सांगावे लागतात, त्यांच्याआधी घराणं, आणि नायक शाळेत जायच्या आत लेखकाचा उत्साह संपतो.

वृद्धत्वाचे अमेरिकन अभ्यासक जेम्स बिरेन यांनी १९७०च्या दशकात यावर एक चांगली रीत बसवली. पाच-सहा जणांचा गट. दर आठवड्याला एक विषय. त्यावर घरून दोन पानं लिहून आणायची आणि गटात मोठ्यानं वाचायची. आयुष्याला मिळालेली वळणं, कुटुंब, काम, पैसा, शरीर, मृत्यूशी आलेला संबंध, श्रद्धा, राहून गेलेल्या इच्छा अशा विषयांवरून जायचं, कालक्रमाला रजा.

विषय हवेत याला कारण आहे. उतारवयातल्या माणसाच्या आठवणी मोजल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या जास्त निघतात, असं स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. क्रमानं लिहिणारा मधली पंचवीस वर्षं म्हणूनच एका ओळीत उरकतो: नोकरी केली, मुलं मोठी झाली. ‘पैसा’ हा विषय दिला की तीच वर्षं बोलायला लागतात. पहिला पगार कुणाच्या हातात ठेवला, भावाला दिलेले कधीच परत का मागितले नाहीत, हप्ते फिटले त्या दिवशी काय केलं. सगळ्यांत कसदार विषय हाच. मृत्यूबद्दल मोकळेपणानं लिहिणारी माणसंही इथे चाचरतात.

दोन पानं म्हणजे सहाशे-सातशे शब्द, वाचायला सहा-सात मिनिटं. तेवढाच वेळ बोलण्याला. सहा जणांचं दीड तासात भागतं. आठवा माणूस आला की शेवटच्या दोघांच्या वाट्याला घड्याळाकडे बघणारे श्रोते येतात, म्हणून गट वाढला तर सरळ दोन करावेत. शेवटी वाचणाऱ्यानं पुढच्या वेळी पहिलं वाचावं. वेळ सगळ्यांत जास्त खाते ती प्रस्तावना. ‘मी काही लेखक नाही, घाईत लिहिलंय, अक्षरही लागत नाहीये...’ यात तीन मिनिटं जातात. शीर्षक वाचून थेट मजकुरात शिरायचं, हा नियम पहिल्याच दिवशी करून टाकावा.

गटाचा खरा उपयोग वाचन संपल्यावर कळतो. कागद खाली ठेवला की वाचणारा जरा सैलावतो आणि म्हणतो, ‘म्हणजे त्याचं असं झालं होतं की...’ यापुढे तो जे तोंडी सांगतो ते बहुतेक वेळा लिहिलेल्यापेक्षा सरस असतं. कागदावर ‘वडील फार शिस्तीचे होते’ एवढंच असतं. तोंडी सांगताना वडील पेन्सिल किती झिजली ते बघून मगच दुसरी द्यायचे, हे निघतं. अशा वेळी गटानं ‘वा’ न म्हणता ‘हे का नाही लिहिलं?’ एवढं विचारावं. विशेषणापाशी थांबलेल्या वाक्याला ‘म्हणजे काय करायचे?’ हा प्रश्न पुरतो.

ऐकणाऱ्यांच्या हाती मजकुराची प्रत देऊ नये. प्रत मिळाली की पेन निघतं आणि ऱ्हस्व-दीर्घाची शिकार सुरू होते. हाताशी छोटी वही मात्र असावी. दुसऱ्याच्या सायकलीवरून आपली सायकल आठवतेच; तो एक शब्द वहीत टिपायचा आणि गप्प बसायचं. ‘माझंही अगदी असंच झालं’ या वाक्यानं जेवढी वाचनं मोडतात तेवढी टीकेनंही मोडत नाहीत. सल्ला हा त्याचा सख्खा भाऊ. वीस वर्षांपूर्वीच्या भांडणात आता काय करायला हवं होतं, हे सांगून कुणाचंच भलं होत नाही.

म्हातारी माणसं जुनं उगाळतात तो दोष नव्हे, आयुष्याचा हिशेब लावण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे, असं मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडलं. हिशेबात जुनी येणी निघतात तशी दुखणीही निघतात. कुणाचा गळा दाटला तर थांबावं, पाणी द्यावं, उरलेलं वाचायचं की नाही ते त्याच्यावर सोडावं. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, अगदी घरच्या माणसाच्या कानावरही नाही, हे आधीच ठरलेलं असावं. दुःख अगदी ताजं असेल तर मात्र गट पुरत नाही. तिथे समुपदेशक हवा.

सालांचे घोळ होतातच. तेव्हा कोणत्या घरात राहत होतो, कितवीत होतो, धाकटी बहीण जन्मली होती का, एवढं विचारलं की साल बरंच जवळ येतं. भावाची आठवण वेगळी निघाली तर दोन्ही लिहाव्यात; वाचणाऱ्याला त्यातच गंमत येते. हयात माणसांबद्दल आधी सगळं लिहून घ्यावं आणि काय ठेवायचं ते छापताना ठरवावं. लिहितानाच कात्री चालवली की सगळेच सज्जन होऊन बसतात.

दहा विषयांची मिळून सहा-सात हजार शब्दांची चोपडी होते. त्यात फोटो घालणार असाल तर प्रत्येकाखाली नावं डावीकडून उजवीकडे आजच लिहून ठेवा. ती सांगू शकणारं घरात बहुधा एकच माणूस उरलेलं असतं.